‘ऑल्वेज’ जागेवरच असते, हलते ते क्रियापद

‘ऑल्वेज’, ‘युज्वली’, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’, ‘नेव्हर’ ही आवृत्तिदर्शक क्रियाविशेषणे शिकवताना आपण वर्षानुवर्षे दोन नियम पाठ करून घेत आलो आहोत. मुख्य क्रियापद असेल तर हा शब्द त्याच्या आधी येतो, आणि ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असेल तर नंतर. दोन्ही नियम खरे आहेत. तरीही मला ही पद्धत मनापासून अपुरी वाटते, कारण हे दोन नियम नसून एकच आहे, आणि तो एकदा समजला की पुष्कळसे पाठांतर वाचते.

वाक्याचा प्रश्न करून पाहावा. ‘ही इज लेट’ याचा प्रश्न ‘इज ही लेट?’ असा होतो, म्हणजे ‘इज’ कर्त्याला ओलांडून पुढे जाऊ शकते. ‘ही कम्स लेट’ याचा प्रश्न करायला मात्र ‘डझ’ आणावे लागते, कारण ‘कम्स’ला ती मोकळीक नाही. जे क्रियापद प्रश्नात कर्त्यापुढे जाऊ शकते, ते साध्या वाक्यातही क्रियाविशेषणाच्या अलीकडे, कर्त्याला लागून बसते. जे जाऊ शकत नाही, ते क्रियाविशेषणाच्या पलीकडे राहते. म्हणून ‘ही इज ऑल्वेज लेट’, पण ‘ही ऑल्वेज कम्स लेट’. म्हणूनच ‘आय हॅव नेव्हर सीन इट’, ‘यू शुड ऑल्वेज आस्क’, आणि सहायक क्रियापदे एकाहून अधिक असतील तर साधारणपणे पहिल्यानंतर, ‘शी हॅज ऑफन बीन टोल्ड’. ‘हॅव टू’ विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात टाकते, पण त्याचा प्रश्न आज ‘डू आय हॅव टू गो?’ असा होतो हे लक्षात घेतले की ‘आय ऑल्वेज हॅव टू गो’ हा क्रम आपोआप सुचतो. वाक्य सहायक क्रियापदावरच संपत असेल, जसे ‘ही ऑल्वेज इज’ या उत्तरात, तर क्रम उलटतो. हा अपवाद वेगळा सांगावाच लागतो.

यामागे इतिहासही आहे. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत सगळीच क्रियापदे अशी पुढे सरकत, म्हणून ‘आय नो नॉट’ अशी रचना तेव्हा स्वाभाविक होती. फ्रेंचमध्ये ती मोकळीक आजही टिकून आहे. तिथे ‘तो पितो अनेकदा कॉफी’ असाच क्रम बरोबर ठरतो. झाँ-इव्ह पोलॉक या भाषाशास्त्रज्ञाने 1989 मध्ये नेमका हाच फरक घेऊन, दोन्ही भाषांत क्रियाविशेषणाची जागा तीच असून क्रियापद किती पुढे सरकते एवढेच वेगळे आहे, अशी मांडणी केली. वर्गात हे नाव सांगण्याची गरज नाही, पण शिकवणाऱ्याला हा विचार ठाऊक असावा असे मला वाटते.

क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये इंग्रजी या शब्दांना सहसा येऊ देत नाही. ‘आय ड्रिंक ऑल्वेज कॉफी’ चूकच. पण क्रियापदानंतर कर्म नसून ‘ॲट’, ‘ऑफ’, ‘टू’ यांसारखे शब्दयोगी असेल तर बंधन सैल होते. ‘ही लुक्ड रिपीटेडली ॲट द क्लॉक’ हे वाक्य उत्तम आहे आणि ‘शी स्पीक्स ऑफन ऑफ हर चाइल्डहुड’ थोडे ग्रांथिक असले तरी शुद्ध आहे. हा भेद व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत मला क्वचितच दिसतो, आणि मग शिक्षक अशी निर्दोष वाक्येही लाल शाईने खोडतात.

शब्दयोगींच्या बाबतीत मराठी भाषकाच्या चुका मराठीच्याच तर्काने होतात. आपण ‘आठवड्यातून दोनदा’ म्हणतो, त्यातले ‘तून’ आपल्याला ‘ट्वाइस इन अ वीक’ लिहायला लावते. इंग्रजीत नेहमीच्या सवयीसाठी ‘ट्वाइस अ वीक’ पुरते. मध्ये ‘इन’ आले की एकाच आठवड्यात दोनदा घडले, असा अर्थ डोकावतो. ‘दर सोमवारी’मध्ये सप्तमीचा प्रत्यय कायम राहतो, पण ‘एव्हरी मंडे’च्या आधीचे ‘ऑन’ सहसा गळते. ‘ऑन मंडेज’ म्हणताना मात्र ते लागते, आणि तिथे अनेकवचनच ‘दर’चे काम करते.

मराठीची खरी मदत होते ती ‘सारखा’ या शब्दाची. ‘तो नेहमी किल्ल्या विसरतो’ आणि ‘तो सारखा किल्ल्या विसरत असतो’ यांत दुसऱ्या वाक्याला वैताग आहे. इंग्रजी तो वैताग चालू काळातून दाखवते: ‘ही इज ऑल्वेज फर्गेटिंग हिज कीज’. चालू काळ आणि ‘ऑल्वेज’ एकत्र कसे, या प्रश्नाला मी आता ‘सारखा’ हेच उत्तर देतो, आणि विद्यार्थ्यांना ते लगेच पटते.

‘नेव्हर’चे वेगळे. आपल्या ‘कधीच’ला पुढे ‘नाही’ लागते, म्हणून ‘ही डझंट नेव्हर कम’ असे वाक्य तयार होते. ‘नेव्हर’च्या पोटातच नकार असल्याने प्रमाण इंग्रजीला दुसरा नकार नको असतो. हाच नकार जोर देण्यासाठी वाक्याच्या आरंभी नेला, तर मात्र क्रियाविशेषण खरोखरच आपली जागा सोडते, आणि मग क्रियापदालाही प्रश्नासारखे कर्त्यापुढे यावे लागते: ‘नेव्हर हॅव आय सीन इट’. ‘सेल्डम’च्या वाक्यात ‘राइट्स’ला पुढे येता येत नाही, म्हणून तिथेही प्रश्नातले ‘डझ’ मदतीला येते आणि ‘सेल्डम डझ ही राइट’ असे वाक्य होते.