तीन प्लस आले की फोन कट? मोडेमबद्दलचा एक चुकीचा समज

डायल-अप मोडेमबद्दल (फोन लाइनवरून कॉम्प्युटर जोडणारं यंत्र) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: "डेटात कुठेही +++ आलं की मोडेम कमांड मोडमध्ये (डेटा पाठवणं थांबवून हुकूम ऐकण्याच्या अवस्थेत) जातो आणि कनेक्शन तुटतं. समोरचा माणूसही +++ पाठवून तुमची लाइन पाडू शकतो. उपाय एकच, एस१२ ही मोडेमची सेटिंग वाढवा."

पहिली गोष्ट, नुसत्या +++ ने काही होत नाही. हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेममध्ये डेटा आणि कमांड एकाच केबलमधून जायचे, म्हणून तिथल्या डेल हेदरिंग्टन यांनी गार्ड टाइमची सोय केली. तीन प्लसच्या आधी आणि नंतर सेकंदभर काहीच आलं नाही, तरच तो इशारा समजायचा. हा अवधी ठरवणाऱ्या एस१२ मध्ये मुळात ५० असतात, म्हणजे पन्नास पन्नासांश सेकंद. फाइल जात असताना अक्षरं सलग धावतात. तिच्या पोटात +++ असलं तरी असा खंड मिळत नाही.

कमांड मोडमध्ये गेल्यावरही लाइन चालूच राहते. स्क्रीनवर 'ओके' येतं, 'एटीओ' दिलं की पुन्हा डेटा सुरू. फोन ठेवला जातो तो 'एटीएच' दिल्यावर.

समोरच्याचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा. मोडेम +++ शोधतो ते फक्त आपल्या कॉम्प्युटरकडून येणाऱ्या अक्षरांत. फोन लाइनवरून आलेलं तो तपासतच नाही. मग १९९० च्या दशकात लोकांच्या लाइन्स खरोखर पडल्या, त्या कशा? हेजच्या पेटंटची रॉयल्टी टाळायला बऱ्याच कंपन्यांनी गार्ड टाइम वगळला. त्यांच्या मोडेमना +++ ला लागून एटी, कमांड आणि एंटर एवढं पुरे. कुणी 'पिंग'च्या (समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते पाहणाऱ्या) पॅकेटमध्ये '+++एटीएच०' आणि एंटर भरून पाठवलं, की तुमचा कॉम्प्युटर नियमाप्रमाणे तोच मजकूर उत्तरात परत पाठवायचा. बाहेर पडताना तो तुमच्याच मोडेमच्या हाती लागायचा, आणि फोन कट! दोष +++ चा नव्हे, काढून टाकलेल्या त्या सेकंदाचा.

म्हणूनच एस१२ वाढवण्याचा सल्ला इथे फुकट जातो. जो मोडेम थांबतच नाही, त्याला जास्त थांबायला सांगून काय उपयोग? बदलायचं ते एस२, म्हणजे प्लसचा कोड ४३ जिथे ठेवलेला असतो ते रजिस्टर. त्यात १२७ पेक्षा मोठा आकडा घातला की हा इशाराच बंद होतो; इनिट स्ट्रिंगमध्ये (सुरुवातीला मोडेमला दिल्या जाणाऱ्या कमांड्समध्ये) 'एटीएस२=२५५' लिहा. सोबत 'एटी&डी२' हवंच, कारण आता +++ देऊन फोन ठेवता येणार नाही; सॉफ्टवेअरला डीटीआर (कॉम्प्युटर तयार असल्याचा) सिग्नल पाडूनच लाइन सोडावी लागेल.