श्रीमंत मालक आला की चॅम्पियन्स लीग येते? हिशेब तसं सांगत नाही

३१ मे २०२५ च्या रात्री म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेनने इंटर मिलानचा ५-० असा फडशा पाडला, तेव्हापासून फुटबॉलवेड्यांच्या ग्रुपांवर एक दावा फिरतोय. चेल्सीला रशियन अब्जाधीश मिळाला, कप आला. मँचेस्टर सिटीला अबू धाबीचा शेख मिळाला, कप आला. पॅरिसला कतार मिळालं, कप आला. तेव्हा युरोपातलं यश विकत मिळतं, पैसा जितका जास्त तितकं ते लवकर मिळतं, पूर्वी असं नव्हतं, आणि छोट्या क्लबांनी आता आशाच सोडावी. या शेवटच्या चार विधानांतली पहिली तीन चुकीची आहेत. चौथ्यात तथ्य आहे, पण त्यामागचं कारण दाव्यात सांगितलंय ते नाही. आणि ते खरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं.

आधी यादी तपासू. रोमन अब्रामोविचने चेल्सी घेतला २००३ च्या उन्हाळ्यात. त्यानंतर २००४ ते २०२५ या काळात चॅम्पियन्स लीगचे २२ अंतिम सामने झाले. दाव्यातल्या तीन क्लबांनी मिळून त्यातले ४ जिंकले: चेल्सी २०१२ आणि २०२१, सिटी २०२३, पॅरिस २०२५. याच काळात रिअल माद्रिदने ६, बार्सिलोनाने ४ आणि बायर्नने २ जिंकले, म्हणजे एकूण १२. रिअल आणि बार्सिलोनाला मालकच नाही, सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. बायर्नचा ७५ टक्के हिस्सा सभासदांच्या मूळ क्लबकडे आहे. हे तिघे गरीब आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. २०२३-२४ च्या हंगामात रिअलचं उत्पन्न १०० कोटी युरोंच्या वर गेलं. पण तो पैसा स्टेडियम, प्रक्षेपण हक्क, प्रायोजक आणि कित्येक दशकांच्या नावातून आलेला आहे, कुणा शेठच्या खिशातून नाही. दावा मालकाच्या पैशाबद्दल आहे, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

आता ज्यांची नावं त्या यादीत येतच नाहीत, ते क्लब बघा. रशियातल्या दागेस्तानचा अंझी मखाचकला २०११ मध्ये सुलेमान केरिमोवने घेतला. रोबेर्तो कार्लोस आला, सॅम्युएल एटो आला, पुढे प्रशिक्षक म्हणून गुस हिडिंक आला. संघ राहायचा आणि सराव करायचा मॉस्कोत, घरच्या सामन्यांपुरता विमानाने दागेस्तानात जायचा. चॅम्पियन्स लीगचा एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात मालकाने हात आखडता घेतला, महागडे खेळाडू विकले गेले, २०१४ मध्ये संघ खालच्या विभागात घसरला आणि २०२२ मध्ये क्लबच बंद पडला.

स्पेनच्या मालागाची कथा तर ऐकवत नाही. २०१० मध्ये कतारच्या राजघराण्यातले अब्दुल्ला अल थानी मालक झाले. मान्युएल पेलेग्रिनीसारखा प्रशिक्षक, इस्कोसारखा पोरगा, आणि चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच मोहिमेत थेट उपांत्यपूर्व फेरी. ९ एप्रिल २०१३, डॉर्टमुंड. नव्वद मिनिटं संपली तेव्हा मालागा २-१ ने पुढे होता. मग भरपाई वेळेत डॉर्टमुंडच्या रॉयसने बरोबरी साधली आणि दोनेक मिनिटांत सांतानाने तिसरा गोल ढकलला. तो गोल ऑफसाइड होता, रीप्लेत स्वच्छ दिसतं. (मालागाचा दुसरा गोलही ऑफसाइडच होता, हेही सांगायला हवं.) पण खरा घाव मैदानाबाहेरचा होता. मालकाचा ओघ त्याआधीच आटला होता, देणी थकली होती आणि त्याबद्दल यूएफाने (युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था) डिसेंबर २०१२ मध्येच युरोपीय स्पर्धांतून बंदीचा निर्णय दिला होता. त्या उन्हाळ्यात इस्को रिअलकडे गेला, पेलेग्रिनी सिटीकडे. २०१८ मध्ये मालागा ला लिगामधून, स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून, बाहेर पडला, २०२३ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. आपल्या क्लबला एखादा शेख मिळावा म्हणून नवस करणाऱ्यांनी मालागाची ही दहा वर्षं एकदा वाचावीत.

या यादीत पुण्याचाही एक धागा आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्सला स्थानिक पोलादसम्राट जॅक वॉकर यांनी पैसा ओतून १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकून दिली, पण पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या गटात हा संघ तळाला राहिला. मॉस्कोतल्या सामन्यात तर बॅटी आणि ल सॉ हे त्यांचेच दोन खेळाडू एकमेकांवर हात उगारून बसले. तोच क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीजने घेतला, आणि मे २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली घसरला. पुण्यामुंबईच्या चाहत्यांना तरी श्रीमंत मालक म्हणजे यश हे समीकरण पटायला नको.

जितका पैसा जास्त तितका कप लवकर, हे दुसरं विधान. इथे ज्यांनी जिंकलं त्यांचीच उदाहरणं पुरतात. चेल्सीला ९ वर्षं लागली, सिटीला जवळजवळ १५, पॅरिसला १४. आणि कप आला तो कुठल्या हंगामात? चेल्सीचे सर्वात ताकदवान संघ प्रशिक्षक मोरिन्योच्या काळातले. ते उपांत्य फेरीच्या पुढे गेले नाहीत. २००८ ला मॉस्कोत जॉन टेरीचा पाय घसरला आणि पेनल्टीवर कप हातचा गेला. जिंकले ते २०१२ मध्ये, जेव्हा प्रशिक्षक मार्चमध्ये हाकलला गेला होता, हंगामी म्हणून दि मात्तेओ आला होता आणि लीगमध्ये संघ सहावा होता. अंतिम सामना बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर. टेरी निलंबित. रायन बर्ट्रंड नावाचा तरुण चॅम्पियन्स लीगमधला आयुष्यातला पहिला सामना खेळत होता, तोही फायनल. बायर्नला २० कॉर्नर मिळाले, चेल्सीला एक. त्या एका कॉर्नरवर ८८ व्या मिनिटाला ड्रोग्बाचं हेडर जाळ्यात. जादा वेळेत रॉबेनची पेनल्टी चेकने अडवली आणि शूटआउटमध्ये कप लंडनला गेला. आता कुणी म्हणेल, तो कॉर्नर मिळवला ५ कोटी पौंडांच्या फर्नांडो टोरेसने. बरोबर, पण त्या सामन्याची सुरुवात त्याने राखीव बाकावरून केली होती. नऊ वर्षांच्या खर्चाचं फळ म्हणून हा सामना कुणाला दाखवायचा असेल तर त्याने तो पूर्ण बघितलेला नाही.

पॅरिसचं उदाहरण तर दाव्याच्या बरोबर उलटं जातं. २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले गेले. एम्बापे आला. २०२१ मध्ये मेस्सी आला. जगातल्या सर्वात महागड्या त्रिकुटाने एकत्र दोन हंगाम खेळले आणि दोन्ही वेळा संघ शेवटच्या सोळांत गारद झाला: २०२२ मध्ये रिअलकडून, २०२३ मध्ये बायर्नकडून. मग मेस्सी गेला, नेमार गेला, २०२४ मध्ये एम्बापेही फुकटात रिअलला गेला, आणि बरोब्बर पुढच्याच वर्षी पॅरिसने कप उचलला. म्युनिकमधला संघ स्वस्त नव्हता. दुए, जोआओ नेवेस, क्वारात्सखेलिया, हकीमी हे सगळे कोट्यवधींचे. तरीही त्या रात्रीचं माझ्या डोळ्यांसमोर राहिलेलं दृश्य गोलाचं नाही. इंटरचा गोलरक्षक झोमर चेंडू ठेवून गोलकिक मारायला मागे सरकतो आणि पेनल्टी बॉक्सच्या रेषेला चिकटून, गुडघे वाकवून, झेप घेण्याच्या तयारीत उस्मान देम्बेले उभा असतो. आघाडीचा सर्वात मोठा खेळाडू, आणि चेंडू नसताना इतकं राबणं! आधीच्या त्रिकुटाकडून हे कधीच होत नव्हतं. प्रशिक्षक लुईस एनरिकेने ते करवून घेतलं. त्यासाठी आधी संघात कुणीही राजा नको होता.

मग पैसा काय करतो? तो लीग जिंकून देतो. शेख मन्सूर आल्यापासून २०२४ पर्यंत सिटीने ८ लीग जिंकल्या, कतार आल्यापासून २०२५ पर्यंत पॅरिसने ११. लीगमध्ये ३४-३८ सामने असतात, एखादा वाईट दिवस पुढे भरून काढता येतो, आणि समोर बहुतेक वेळा तुमच्या दहाव्या हिश्शाने कमावणारा संघ असतो. युरोपच्या बाद फेरीत मात्र समोर रिअल असतो, बायर्न असतो. तिथे तुमच्या तिजोरीचा फायदा जवळजवळ संपतो आणि दोन सामन्यांच्या १८० मिनिटांत सगळं ठरतं. २०२२ च्या उपांत्य फेरीत रिअलविरुद्ध दुसऱ्या सामन्याच्या नव्वदाव्या मिनिटाला सिटी एकूण दोन गोलांनी पुढे होता. रिअलच्या रॉड्रिगोने जेमतेम दीड मिनिटात दोन गोल केले आणि तिकडे जादा वेळेत सगळं संपलं. त्याला उत्तर देणारा धनादेश कुठल्याच बँकेत मिळत नाही.

पैसा आणि अक्कल यांत किती अंतर असू शकतं, ते २०१० च्या फायनलमध्ये दिसलं होतं. २००९ च्या उन्हाळ्यात रिअलने रोनाल्डोसाठी ९.४ कोटी युरो मोजले, काकालाही आणलं आणि जागा करायला स्नायडर आणि रॉबेनला विकून टाकलं. रिअल त्या हंगामात शेवटच्या सोळांत लियोंकडून हरला. फायनल होती रिअलच्याच बर्नाबेउ मैदानावर. एका बाजूला इंटरकडून स्नायडर, दुसऱ्या बाजूला बायर्नकडून रॉबेन.

पूर्वी हे असं नव्हतं, या तिसऱ्या विधानावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. अन्येली घराणं युव्हेंटसमध्ये १९२३ पासून आहे. १९८६ मध्ये बेर्लुस्कोनीने मिलान घेतला, गुलिट आणि वान बास्तेन आणले आणि १९८९ मध्ये कप जिंकला. तीन वर्षांत! माझ्या म्हणण्याच्या विरोधातलं सर्वात भक्कम उदाहरण हेच आहे, आणि ते दाव्यात नेमकं नसतं. पण तेव्हा त्या पातळीचा खर्च करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि बारेसी, माल्दिनी, कोस्ताकुर्ता हे त्या संघाचे खांब क्लबच्या स्वतःच्या अकादमीतले होते. प्रशिक्षक अरिगो साक्की आला तो दुसऱ्या श्रेणीतल्या पार्मामधून, कारण त्याच्या पार्माने कोपा इटालियात मिलानलाच हरवलं होतं.

आता चौथं विधान, छोट्यांना आशा नाही. इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि आता फ्रान्स या पाच देशांबाहेरचा शेवटचा विजेता २००४ चा पोर्तुगालचा पोर्तो. ही आकडेवारी खरी आहे. पण त्यानंतर पोर्तोचं काय झालं? त्याच उन्हाळ्यात त्यांचा प्रशिक्षक मोरिन्यो, रिकार्डो कार्व्हाल्यो आणि पाउलो फेरेरा चेल्सीला गेले, डेको बार्सिलोनाला. चेल्सीने त्या पैशातून युरोपचा कप मिळवला नाही, पोर्तोकडून मात्र तो पुन्हा जिंकायची शक्यता हिरावून घेतली. नेदरलँड्सच्या २०१९ च्या आयाक्सनेही रिअल आणि युव्हेंटसला त्यांच्याच मैदानांवर हरवलं, उपांत्य फेरीत लुकास मोराच्या शेवटच्या क्षणाच्या गोलाने हरले, आणि डी योंग व डी लिख्ट लगेच निघून गेले.

मोनाकोचं २०१७ सालचं उदाहरण यात सर्वात बोलकं. या क्लबलाही अब्जाधीश मालक होता, दिमित्री रिबोलोवलेव्ह. त्याने २०१३ मध्ये फाल्काओ आणि हामेस रॉड्रिगेझवर पाण्यासारखा पैसा खर्च केला, मग तो मार्ग सोडला आणि पोरं घडवायला घेतली. त्या पोरांनी पॅरिसला मागे टाकून लीग जिंकली, गार्डिओलाच्या सिटीला ६-६ बरोबरीनंतर परक्या मैदानावर जास्त गोल केल्याच्या तेव्हाच्या नियमाने बाहेर काढलं आणि उपांत्य फेरी गाठली. त्यानंतरच्या एकाच उन्हाळ्यात बर्नार्डो सिल्वा आणि मेंडी सिटीला, बाकायोको चेल्सीला, एम्बापे पॅरिसला. दाव्यातले तिन्ही क्लब तिथे हजर होते. २०१८-१९ मध्ये मोनाको लीगमध्ये सतरावा आला. आणि मे २०२३ मध्ये सिटीने रिअलला ४-० हरवून फायनल गाठली, तेव्हा पहिले दोन्ही गोल बर्नार्डो सिल्वाचे होते.

त्यामुळे यूएफाच्या आर्थिक नियमांवर माझा आक्षेप आहे तो इथे. क्लबने कमाईच्या किती टक्के पगारावर आणि खेळाडूंवर खर्च करावा याची मर्यादा आली, ती हवीच होती. पण एखाद्या मोनाकोचा किंवा पोर्तोचा अख्खा कणा एकाच उन्हाळ्यात काढून नेता येतो, त्याला आजही काहीच अटकाव नाही.