नाव फुटतं म्हणून गाव बोलत नाही

आज पोळ्यानिमित्त ग्रामपंचायतीत शांतता समितीची बैठक होती. ठाण्यातले पोलीस साहेब म्हणाले, "तुम्ही लोक आम्हाला काही सांगतच नाही. सहकार्य करा." बायकांनी माना खाली घातल्या. बैठक चहावर संपली. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

सांगत नाही? आमच्या बचत गटातल्या काकूंनी सांगितलं होतं ना! वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि नाल्याच्या काठाला मोहाचा सडवा कोण टाकतो हे शाळेतल्या लेकरांनाही ठाऊक असतं. काकू ठाण्यात गेल्या, जागा सांगितली, माणूस सांगितला. काळीपिवळीतून फाट्यावर उतरल्या तर तोच माणूस पानठेल्यापाशी उभा. "काऊन काकू, ठाण्यात गेल्ता म्हने?" एवढंच म्हणाला. शिवी दिली नाही, हात लावला नाही. काकू घरी आल्या आणि अंगणाचं फाटक आतून बंद करून बसल्या.

त्यांचं नाव त्यांच्या आधी गावात पोचलं होतं. कुणी पोचवलं? ठाण्यात त्या खोलीत होतं कोण?

मग त्याच पानठेल्यासमोर दोन पोट्टे सत्तूर घेऊन एकमेकांवर धावले. त्यांचं वैर आठ दिवसांपासून शिजत होतं. सगळ्यांना माहीत होतं, फोन कुणीच केला नाही. ११२ नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे हो. पण फोन लावला की आधी काकू डोळ्यांसमोर येतात.

मान्य, पोलिसांची माणसं कमी आहेत. एका जमादाराकडे कितीतरी गावं, वर बंदोबस्त, कोर्ट, सभा. हेही मान्य की आपलेच लोक पोरगं अडकलं की पुढाऱ्याला फोन लावतात. पण काकूंचं नाव मनुष्यबळ कमी असल्यामुळे फुटलं नाही.

आणि ही भीती काही काल-परवाची नाही. देसाईगंजचं मथुरा प्रकरण आपल्याच विदर्भातलं, १९७२ चं. आदिवासी पोरगी, बलात्काराचा आरोप, जागा पोलीस ठाणं, आरोपी दोन पोलीस. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टातून ते सुटले. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. आमच्या आजीला कायदा ठाऊक नव्हता. "ठान्यात एकटी जाऊ नको माय", एवढं मात्र ती सांगून गेली.

कायदे आता बरेच झाले. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी संहिता आली, गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी तक्रार घ्यावीच लागते. बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, हे तर जुन्या कायद्यातही होतं. चांगलंच आहे. पण काकूंच्या दारासमोर पोलिसांची जीप उभी राहिली तर गल्लीत वेगळी दवंडी द्यायची गरज उरते का? साध्या कपड्यात या, मोटारसायकलवर या, आधी चार घरं फिरा, मग त्या घरी बसा. याला कुठला निधी लागतो?

२००७ मध्ये आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तेव्हा गावात खरंच हुरूप होता. बांधाची भांडणं समितीसमोर मिटायची, पोरापोरींची लग्नंही समितीने लावून दिली. आज बऱ्याच गावांत अध्यक्षपद म्हणजे पुढच्या निवडणुकीची तयारी. तिथे दारूवाल्याचाच साळा बसला असेल तर काकूंनी तोंड उघडायचं कुणापुढे?

हे लिहिता लिहिता एक जमादार आठवले, आणि राग थोडा उतरला. काही भानगड नसतानाही ते यायचे. पारावर बसायचे, पऱ्हाटी कशी आहे विचारायचे, कुणाचं पोरगं कामधंद्याविना फिरतं ते त्यांना ठाऊक असायचं. दोन भावांचा धुऱ्याचा वाद फावड्यापर्यंत गेला होता, तो त्यांनी त्याच पारावर बसून थांबवला. गुन्हा दाखल झाला नाही, पेपरात बातमी आली नाही, म्हणून त्यांच्या नावावर काहीच जमा झालं नसणार. काकू त्यांच्याशी बोलायच्या. त्यांना सांगितलेलं कधी बाहेर आलं नाही. मग त्यांची बदली झाली आणि पुढच्या माणसाचं नाव कळायला गावाला पुढचा पोळा उजाडला.

माझ्या मित्रयादीत पोलीस खात्यातले बरेच जण आहात. सहकार्य हवं असेल तर आधी काकूंचं नाव कुणी फोडलं त्याची चौकशी लावा, आणि तो माणूस ठाण्यातला निघाला तर कारवाई झाल्याचं गावात येऊन सांगा. बीटवरचा माणूस गावाला ओळखू लागेपर्यंत त्याला हलवू नका. बैठकीला आम्ही पुन्हा येऊच, काकूंनाही सोबत आणू.