कादंबरीतल्या काकू कोण?

कादंबरी लिहिताना लेखिकेचे हाल होतात, हा एक गैरसमज आहे. लिहिताना मी अगदी मजेत असते. हाल सुरू होतात ते पुस्तक बाहेर आल्यावर, आणि तेही समीक्षकांमुळे नाही. समीक्षकांनी मला अजून वाचलेलंच नाही. हाल करतात ते नातेवाईक. ही मंडळी पुस्तक विकत घेत नाहीत, "एक प्रत पाठवून दे गं" म्हणतात, आणि मग हरवलेलं आधार कार्ड शोधावं तसं पानापानांत स्वतःला शोधत बसतात.

परवा मोठ्या वन्संचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"त्या कुसुमकाकू म्हणजे मीच ना?"

"छे हो वन्सं! त्या काकू तर अमरावतीच्या."

"मग लग्नाच्या जेवणातून पर्समध्ये लाडू घालून नेणारी आपल्यात दुसरी आहे कोण?"

हा जाब होता की कबुलीजबाब, मला कळेना. वन्संचे लाडू मला ठाऊकच नव्हते. कुसुमकाकू म्हणजे माझी सख्खी आई. तिने कादंबरी चवीने वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "कसल्या एकेक बायका असतात! आपल्यात नाही बाई असं कुणी." बोलता बोलता बशीत उरलेल्या बाकरवड्या तिने रुमालात बांधल्या.

या बाबतीत मला अगाथा ख्रिस्तीचा मोठा आधार वाटतो. इराकमध्ये ऊर इथे लिओनार्ड वूली उत्खनन करत होते, तिथे ही बाई पाहुणी म्हणून गेली. वूलींची पत्नी कॅथरीन भारी तऱ्हेवाईक, सगळा तळ तिच्या तालावर नाचायचा. ख्रिस्तीने आधी एक पुस्तक या नवरा-बायकोला अर्पण केलं आणि मग १९३६ मध्ये 'मर्डर इन मेसोपोटेमिया'त उत्खननप्रमुखाच्या बायकोच्या डोक्यात चक्क जातं घातलं. (रहस्य फोडलं म्हणून रागावू नका, नव्वद वर्षं होत आली.) आता कॅथरीनबाई काय म्हणतील, अशी धाकधूक तिला होतीच. पण तिचा नवरा मॅक्स मॅलोवन आठवणींत लिहितो की बाईंना त्यात आपण दिसलोच नाही! माझी आई आणि कॅथरीनबाई एकाच गोत्रातल्या.

टोपणनाव घे, असाही सल्ला मिळतो. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने काढलं, तेव्हा केवढी खळबळ उडाली आणि ही विभावरी कोण म्हणून लोक शोधत बसले. मला ते कसं जमावं? कुरिअरवाल्याने प्रतींचं खोकं सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवलं आणि मी घरी पोचायच्या आत सगळ्या विंगांना बातमी.

शिवाय माझ्या आयुष्यात खळबळजनक असं आहे तरी काय? पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती रुग्णालयाच्या औषधखोलीत काम करत होती, म्हणून तिच्या पुस्तकांत विषं अचूक. मी सहकारी बँकेत काउंटरवर बसत होते, म्हणून माझ्या पुस्तकांत मुदत ठेवी अचूक. माझ्या कादंबऱ्यांत खून पडत नाहीत. नॉमिनीचं नाव बदलतं, आणि घरोघरी जेवणं बंद होतात.

आमच्या ह्यांची तक्रार तर सगळ्यांच्या उलट. "माझ्यासारखा माणूस तुझ्या एकाही पुस्तकात कसा नाही?" बिचारे फार दुखावलेत. घरात आकाश कोसळलं तरी "चहा टाकतेस का जरा?" म्हणणारा नायकाचा बाप त्यांना मात्र जाम आवडला. हसता हसता म्हणाले, "अगदी खालच्या मजल्यावरचे आहेत बघ हे! बरं, चहा टाकतेस का जरा?"

आता तर मी दिसले की लोक गप्प होतात. अपवाद धाकट्या मावशीचा. काल तिने मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं, "हे तुझ्या पुस्तकात घालायचं नाही हं" असं बजावलं आणि व्याह्यांशी झालेलं अख्खं भांडण तारीखवार सांगितलं. कोण काय बोललं, कोणाच्या अंगावर कुठली साडी होती, सगळं. मी निघाले तर जिन्यापर्यंत मागे आली.

"घातलंसच, तर नाव बदल. आणि मला जरा बारीक दाखव."