क्लायंटला आधी त्याचीच फरशी दाखवा

मी सफाईची कंत्राटं घेते. गेल्या महिन्याभरात हाऊसकीपिंगच्या कामात नव्याने उतरलेल्या तीन-चार जणांनी मला फोन केला. "ताई, उद्या मीटिंग आहे, तुमची पीपीटी पाठवता का?" मी कुणालाच पाठवली नाही. राग आला असेल तर माफ करा, पण माझी पीपीटी, म्हणजे काम मिळवायला क्लायंटला दाखवायचं प्रेझेंटेशन, दुसऱ्या जागी चालतच नाही. ती त्या एकाच इमारतीसाठी केलेली असते. फोनवर हे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

माझं पहिलं प्रेझेंटेशन वाळूजच्या एका कारखान्यात झालं. २२ स्लाइड. व्हिजन, मिशन, इंटरनेटवरून उचललेले चकचकीत हॉटेलांचे फोटो, मशीनची नावं. ॲडमिन मॅनेजरनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आमच्या कॅन्टीनच्या मागच्या बाजूला तेलाचा थर बसलाय, तो कसा काढाल?" मी कॅन्टीन पाहिलंच नव्हतं. काम मिळालं नाही, आणि मिळायलाही नको होतं.

त्या दिवसापासून जागा पाहिल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. जागा पाहायची तीसुद्धा साहेबांसोबत सकाळी फेरी मारून नाही. तेव्हा सगळं नुकतंच पुसलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीनंतर संडास बघा, शिफ्ट सुटताना जिना बघा, ओपीडी संपल्यावर बाकाखाली वाकून बघा. आणि तिथे आत्ता काम करणाऱ्या मावशींशी बोला. त्या जागेची खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

छत्रपती संभाजीनगरच्या एका हॉस्पिटलचं सांगते. तक्रार होती की तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरला कायम वास येतो. आधीच्या दोन कंत्राटदारांनी जास्त फिनेल टाकून बघितलं होतं. मी दुपारी तिथे जाऊन बसले. मावशी पोछा मारत होत्या, बादलीतलं पाणी चहासारखं झालेलं. "मावशी, पाणी बदलत नाही का?" त्या म्हणाल्या, "कुठून बदलू ताई? इथं नळच नाही. खालून वर आणायचं म्हणलं की कंबर जाती बघा. मग एकच बादली पुरवून पुरवून वापरतो."

वास त्या पाण्याचा होता. घाण पाण्याने पुसलेली फरशी वाळते तेव्हा वास येतो, त्याला फिनेल काय करणार? माझ्या प्रेझेंटेशनचं पहिलं पान एवढंच होतं: तिसऱ्या मजल्याचा साधा नकाशा, बादली भरायची जागा, मधल्या पायऱ्या, आणि खाली एक ओळ, 'इथे एक नळ काढून द्या.' डॉक्टरांनी चष्मा काढून ते पान हातात घेतलं. कंपनी कधी सुरू झाली, माणसं किती, हे त्यांनी नंतर विचारलं आणि मी दोन वाक्यांत सांगितलं.

आपल्या मराठवाड्यात पाण्याचं पान नसलेलं सफाईचं प्रेझेंटेशन अर्धवट आहे, असं माझं ठाम मत आहे. मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आम्ही भांडी घासलेलं पाणी संडासाला ठेवत होतो. इकडे उन्हाळ्यात क्लायंट टँकर विकत घेतो आणि त्याच पाण्याने कुणीतरी पाइप लावून पार्किंग धुतं. म्हणून मी लिहून देते: कुठे धुणार, कुठे फक्त पुसणार, रोज किती बादल्या लागतील. दोन बादल्यांची पद्धत समजावून सांगते, एकीत सफाईच्या औषधाचं पाणी, दुसरीत मॉप पिळायचा. त्यात बोअरचं पाणी जड असेल तर नळाच्या बुडाशी आणि बेसिनला पांढरे क्षार धरतात. ते काढायला पोरं बेधडक ॲसिड ओततात. शहाबादी, कोटा, मार्बल हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, ॲसिड पडलं की चकाकी जाते ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. आणि ॲसिडवर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद संडासात तो जिवावर बेततो. कोणतं औषध कुठे आणि एका लिटरला किती, हा तक्ता माझ्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतो. मावशींच्या खोलीत भिंतीलाही तोच लागतो.

फोटोंबद्दल एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. सुरुवातीला मी क्लायंटच्याच घाण संडासाचे फोटो काढून मोठ्या स्क्रीनवर दाखवायची. एका ठिकाणी मालक चिडले, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तिथल्या मावशींना कामावरून काढलं. चार वर्षं त्या तिथे होत्या. दोष होता झिजून दोरा झालेल्या मॉपचा आणि महिन्याला मिळणाऱ्या एका औषधाच्या कॅनचा. त्या मावशींना मी नंतर शोधलं, त्या आता माझ्याकडे आहेत, पण मधले दोन महिने त्यांनी कसे काढले ते मला माहीत आहे. आता मी घाणीचा फोटो दाखवत नाही. झिजलेला मॉप दाखवते, नळ नसलेली भिंत दाखवते. तिथे काम करणाऱ्या माणसाला खाली बघायला लावून मिळणारं काम मला नको.

आता पैशाचं पान. बहुतेक जण शेवटी एक आकडा टाकतात, 'प्रति माणूस इतके'. मी फोड करून देते. १०० रुपये पगार धरला तर कंत्राटदाराने भरायचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) त्याच्या इतर खर्चासह १३ रुपये, ईएसआय (कामगार विमा) सव्वातीन, बोनस ८.३३. म्हणजे साडेचोवीस रुपये तिथेच गेले. त्यावर रजा, गणवेश, साहित्य, माझं सर्व्हिस चार्ज, आणि वेगळा १८ टक्के जीएसटी. आठवड्याचे सातही दिवस काम हवं असेल तर सहा मावश्यांच्या सुट्ट्या भागवायला सातवी लागते, हेही स्पष्ट लिहिते. समोरचा म्हणतो, "मॅडम, दुसरा कंत्राटदार यापेक्षा खूप कमीत करतोय." मी तोच कागद पुढे सरकवते आणि विचारते, यातली कोणती ओळ तो खोडतोय? किमान वेतन खोडतोय की पीएफ? गप्प बसतात. काही जण तरीही स्वस्तातलंच घेतात. जालन्याच्या दोन फॅक्टऱ्या माझ्या हातातून अशाच गेल्या. दर उतरवून त्या घेतल्या असत्या तर फरक मावशींच्या पगारातूनच निघाला असता, दुसरीकडून निघायला जागाच नाही.

बाकी साधं आहे. सहा पानं, दहा मिनिटं, आणि मराठीत. इंग्रजी लागेल तिथे एक प्रत वेगळी करते. पण कागदावर छापून नेतेच, कारण मालक तो कागद आपल्या सुपरवायझरच्या हातात देतात आणि पुढे रोजचं काम त्याच माणसाशी असतं. मी मीटिंगला त्यालाही बसवा म्हणून आधीच सांगते.

ज्यांनी पीपीटी मागितली होती त्यांनी आधी इमारतीत एक दुपार घालवावी, मग मला फोन करावा. मी बसून मदत करीन, पैसे घेणार नाही.

उद्या सकाळी ११ वाजता लातूरच्या एका वसतिगृहात माझी मीटिंग आहे. आज तिथे जाऊन नळ मोजले. ६४ आहेत, त्यातले ९ गळतात. पहिलं पान त्या ९ नळांचं केलंय.