‘३० दिवसांत मेडिकल स्पॅनिश, अमेरिकेत नोकरी पक्की’ म्हणे!

नर्सिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरून राहिलंय, तुम्हालाही आलंच असेल. ‘रोज २० मिनिटं, ३० दिवसांत मेडिकल स्पॅनिश फ्लुएंट, १०० वाक्यं पाठ केली की झालं, अमेरिकेत नर्सची नोकरी पक्की, पगार डबल, इंटरप्रिटर लागतच नाही, अडलं तर गूगल ट्रान्सलेट आहे, फक्त इंग्लिश फाडफाड पाहिजे.’ मी इथे नागपुरात नर्सिंग-फार्मसीच्या पोरापोरींना स्पॅनिश शिकवते, त्यामुळे ‘ताई, हे खरं आहे का’ विचारत इतक्या जणींनी मला ते पाठवलं की म्हटलं एकदाच लिहून टाकू. स्पॅनिश शिकू नका असं मी तर म्हणणारच नाही, माझं पोट त्यावरच आहे बाप्पा. पण काऊन शिकायचं ते तरी नीट कळू द्या.

‘नोकरी पक्की.’ कशी काय? अमेरिकेत नर्स व्हायला एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा पास व्हावी लागते, ती तिथे इंग्लिशमध्ये असते. मग त्या त्या राज्याचं लायसन्स, आयईएलटीएस किंवा ओईटीसारखी इंग्लिशची टेस्ट, व्हिसास्क्रीन म्हणजे व्हिसासाठी शिक्षण-लायसन्स तपासल्याचं सर्टिफिकेट, आणि त्यानंतर भारतीयांसाठी ग्रीन कार्डची कितीतरी वर्षांची लाइन. यात स्पॅनिश कुठेच कंपल्सरी नाही. तिथे घरात स्पॅनिश बोलणारे ४ कोटींच्या वर लोक आहेत, म्हणून पोचल्यावर तिचा उपयोग खूप होतो, हे मात्र खरं.

‘३० दिवस.’ हिशोब करा ना, रोज २० मिनिटं म्हणजे महिन्यात १० तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, स्पॅनिश त्यांच्या सगळ्यात सोप्या गटात आहे, तरी ते क्लासचे ६०० ते ७५० तास धरतात. तेही इंग्लिशवाल्यांसाठी, फुल टाइम.

आता ‘१०० वाक्यं पाठ करा’, खरी गोम इथे आहे. प्रश्न पाठ होतात हो, उत्तर कोण पाठ करून देणार? आमच्या क्लासमध्ये मी पेशंट होते. पोरगी मस्त उच्चारात विचारते, ‘दोंदे ले दुएले?’ म्हणजे कुठे दुखतंय. मी पोटावर हात ठेवून सांगते, ‘अकी, देसदे आयेर, क्वांदो कोमो आल्गो ग्रासोसो’, म्हणजे इथे, कालपासून, तेलकट खाल्लं की. आणि तिचा चेहरा कोरा, कारण तिच्या यादीत पुढचा प्रश्न होता ‘ताप आहे का’, तो ती विचारून मोकळी होते, आणि तेलकटाचा जो धागा डॉक्टरला हवा होता तो तिथंच सुटतो. इथल्या मेडिकलला, मेयोला, म्हणजे नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलांत, बाहेरच्या राज्यांतून आलेले रेसिडेंट डॉक्टर पाहा, ‘कुठे दुखते’ एवढं मराठी आठवडाभरात येतं, पण गडचिरोलीकडची आजी ‘परवापासून कळ मारून राहिली, जेवलं का मळमळते’ असं सुरू झाली की बिचारे सिस्टरकडे पाहतात. म्हणून माझ्याकडे निम्मा वेळ फक्त ऐकण्यात जातो, आणि पोरींना तेच बोअर होतं.

‘इंटरप्रिटर लागत नाही.’ हे सगळ्यात डेंजर. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७, यांमुळे सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला इंग्लिश न येणाऱ्या पेशंटसाठी भाषेची सोय फुकट करावी लागते, आणि दुभाषी क्वालिफाइड लागतो. जीवावर बेतलेली इमर्जन्सी सोडली तर पेशंटच्या लहान पोराला मध्ये उभं करता येत नाही. दुभाष्याच्या नॅशनल सर्टिफिकेशनला बसायलाच किमान ४० तासांचं ट्रेनिंग लागतं, भाषा पक्की येत असणं वेगळं. तुम्ही ‘नमस्कार, मी तुमची नर्स, बीपी घेते’ स्पॅनिशमध्ये म्हणा, पेशंटचे खांदे सैल होतात, जरूर म्हणा. पण कन्सेंट, डोस, निदान आलं की मुकाट्याने दुभाषी बोलवा.

‘गूगल आहेच.’ आहे, आणि चांगलं आहे. २०१९ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये गूगलने भाषांतर केलेल्या डिस्चार्जच्या सूचनांचा अभ्यास आला होता, स्पॅनिशची ९२ टक्के वाक्यं बरोबर निघाली. पण २ टक्के वाक्यं पेशंटला गंभीर इजा करू शकतील अशी होती. आणि तो डॉक्टरने टाइप केलेला मजकूर होता हं, कण्हत अर्धवट बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं बोलणं नव्हे.

पगार डबल-बिबल काही नसतो. काही हॉस्पिटलं भाषेची टेस्ट घेऊन तासाला थोडं वर देतात, तेवढंच.

आणि ‘इंग्लिश फाडफाड पाहिजे’ याचा तर मला रागच येतो, कारण यानेच जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरी क्लासच्या दारातून परत जातात. अगं, तुझी मराठी इथे इंग्लिशपेक्षा जास्त कामाची आहे! डोकं दुखतं, पाय दुखतात, आपलं क्रियापद दुखणाऱ्या अवयवाप्रमाणे बदलतं, स्पॅनिशमध्येही तसंच, डोक्याला दुएले, पायांना दुएलेन. इंग्लिश मीडियमवाल्यांना हे समजवता समजवता माझा तास संपतो. त, द आपल्यासारखेच दातांवरचे. नामांना लिंग, विशेषण त्याप्रमाणे बदलणार, हे आपल्याला नवीन नाही. तू आणि तुम्ही तर रक्तातच आहे, आजोबांना ‘ले दुएले’ आणि पोराला ‘ते दुएले’ हे कोणाला सांगावं लागत नाही. क्रियापदांची रूपं मात्र घाम काढतात, तिथे शॉर्टकट नाही.

सर्टिफिकेट कोणतं विचाराल तर इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची डेले ही स्पॅनिशची परीक्षा जगभर चालते, त्यांचं केंद्र दिल्लीत आहे. त्यातही मेडिकल असं वेगळं काही नाही, साधी भाषा आधी. तेव्हा फी भरण्याआधी डेमोत सरांना पेशंट बनवा आणि म्हणा, स्क्रिप्ट बाजूला ठेवून बोला. त्यांच्याच जुन्या बॅचच्या कोणाला ते समजलं तर भरा पैसे.