जुनी अॅल्युमिनियमची बोट "दोन सुट्ट्यांत नवी" करण्याआधी हे वाचा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, जुनी अॅल्युमिनियमची मासेमारीची बोट स्वस्तात उचला आणि दोन सुट्ट्यांत नवी करा. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: अॅल्युमिनियमला गंज लागत नाही त्यामुळे पत्र्याची चिंता नको, तारेच्या ब्रशने घासा, गळणाऱ्या रिव्हेटवर (दोन पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यावर) सिलिकॉन भरा, कुजलेल्या फळ्यांच्या जागी ट्रीटेड प्लायवूड टाका, खालच्या फोमला हात लावू नका, आणि शेवटी बुडाला बोटीचा तांबंवाला रंग मारा. लोक धडाधड फॉरवर्ड करतायत आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातली जवळपास प्रत्येक पायरी चांगल्या पत्र्याची वाट लावणारी आहे. या बोटी वयाने जात नाहीत हो, ४०-५० वर्षांचे पत्रे ठणठणीत सापडतात, त्या जातात त्यांना चिकटवलेल्या भलत्या वस्तूंमुळे.

"गंज लागत नाही." लोखंडासारखा लाल गंज चढत नाही, एवढंच खरं. उघड्या पत्र्यावर हवेमुळे ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर लगेच बसतो आणि तोच खालच्या धातूला राखतो. पण जिथे ओल अडकून राहते आणि हवा पोचत नाही तिथे हा थर एकदा तुटला की परत नीट धरत नाही, मग पत्र्यात बारीक पण खोल खड्डे पडत जातात. शिवाय तांबं किंवा पितळ अॅल्युमिनियमला टेकलं आणि मध्ये पाणी आलं, त्यातून खारं, की तिथे बॅटरीसारखीच क्रिया सुरू होते आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. तळात पडून राहिलेला तांब्याच्या वायरचा तुकडासुद्धा कालांतराने पत्र्याला आरपार भोक पाडू शकतो. म्हणून बोट बघायला गेलात की बाहेरच्या चमकेवर जाऊ नका, फळी उचलून आत बघा, कुठे पांढरी खडूसारखी भुकटी जमलीय का, असेल तर ती खरवडा आणि खाली टोच्या दाबून बघा, पत्रा टणक लागतो का टोक आत रुततं.

"तारेच्या ब्रशने घासा." साध्या लोखंडी तारेचे कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात, ते गंजतात आणि त्यांच्याभोवती पत्रा खायला सुरुवात होते. लोखंडाला कधीच न लावलेला स्टेनलेसचा ब्रश घ्या नाहीतर नायलॉनचं पॅड. कॉस्टिक सोडा असलेला रिमूव्हर तर अजिबात नको, तो जुन्या रंगाबरोबर अॅल्युमिनियम पण खातो. आणि क्रम महत्त्वाचा, आधी तेल-ग्रीस धुऊन काढायचं, मग घासायचं, आणि त्याच दिवशी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर, किंवा इपॉक्सी प्रायमर मारायचा. आधी घासलंत तर ग्रीस ओरखड्यांमध्ये दाबलं जातं आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो.

"रिव्हेटवर सिलिकॉन भरा." यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण लोक इथेच फसतात. रिव्हेट गळतो कारण तो सैल झालेला असतो, दोन पत्रे लाटेच्या प्रत्येक धक्क्याला एकमेकांवर सरकत असतात, आणि वरून काहीही थापलं तरी ती हालचाल थांबत नाही. त्यात साध्या सिलिकॉनमधून, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून, सुकताना अॅसिटिक अॅसिड सुटतं, आणि एकदा लागलेलं सिलिकॉन पूर्ण निघत नाही, त्या जागेवर पुढे ना रंग धरत ना दुसरं सीलंट. खरं काम असं: बोट ट्रेलरवर ठेवून आत थोडंसं पाणी ओतायचं, फार नाही, कारण १०० लिटर म्हणजे १०० किलो आणि ते सगळं वजन ट्रेलरच्या मोजक्या टेकूंवर येतं, मग खाली आडवं पडून जिथे थेंब धरतोय तिथे मार्करने गोल करायचा. पाणी काढून सुकलं की एकाने आतून जड लोखंडी ठोकळा रिव्हेटला घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर ठोकायचं. बरेचसे रिव्हेट एवढ्यानेच बसतात. भोक मोठं झालं असेल तर रिव्हेट ड्रिलने काढून एक साइज मोठा भरीव अॅल्युमिनियमचा घालायचा, खाली पॉलियुरेथेन सीलंट लावून. पोकळ पॉप रिव्हेट पाण्याखाली चालत नाही, त्याच्या मधूनच पाणी येतं. आणि वेल्डिंगची घाई नको, पातळ जुना पत्रा उष्णतेने वाकतो आणि शेजारचे चांगले रिव्हेट सैल होतात.

"ट्रीटेड प्लायवूड टाका." कीड-बुरशी लागू नये म्हणून त्यात जे मुरवलेलं असतं त्यात बहुतेक वेळा तांब्याची संयुगं असतात, म्हणजे ओलं झालं की तांबं थेट पत्र्याला. साधं चांगलं मरीन प्लाय घ्या, सगळ्या बाजूंना, कडांना आणि प्रत्येक बोल्टच्या भोकात आतून सुद्धा इपॉक्सी पाजा. इंजिन बसतं त्या मागच्या फळीला हातोडीने हळू ठोकून बघा, बद्द आवाज आला की ती आतून गेलेली आहे, तिच्यावर वरून पट्टी मारून भागत नाही, तिथे इंजिनाचा सगळा जोर येतो. स्टेनलेस बोल्ट चालतील, पण खाली नायलॉनचा वॉशर पाहिजेच.

"फोम तसाच राहू द्या." बोट पाण्याने भरली तर तिला वर धरतो तो हा फोमच, अॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड आहे. त्यामुळे फोम हवाच, पण कोरडा. जुना फोम वर्षानुवर्षं पाणी पितो, मग बोट जड होते आणि तो ओला बोळा पत्र्याला चिकटून वर सांगितले तेच खड्डे पाडतो. मधल्या कण्याजवळचा, तळातला तुकडा कापून पिळून बघा, पाणी निघालं तर सगळा काढा. नवीन क्लोज्ड सेल फोम, म्हणजे बंद छिद्रांचा, सहज पाणी न पिणारा, घाला आणि खालून पाणी मागच्या बुचापर्यंत वाहून जाईल एवढी वाट सोडा. पॉलिस्टायरीनचा फोम घेतलात तर पेट्रोलच्या टाकीपासून लांब ठेवा, पेट्रोलने तो विरघळतो.

राहिला तांबंवाला रंग. बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तो असतो, लाकडी आणि फायबरच्या बोटींना ठीक आहे. अॅल्युमिनियमला नाही. प्रायमरवर एक ओरखडा पडला की तांबं आणि पत्रा समोरासमोर आले. आणि जी बोट मासे धरून झाल्यावर ट्रेलरवर घरी येते तिच्या बुडाला काही चिकटायला वेळच मिळत नाही, तिला असल्या रंगाची गरज नाही. कायम पाण्यात राहणार असेल तर अॅल्युमिनियमसाठी म्हणून लिहिलेला, तांबं नसलेला रंग घ्या, डब्यावर हे स्पष्ट छापलेलं असतं, झाकण उघडायच्या आधी वाचा.